चुकायला जागा ठेवणारी कल्पना

शाळेच्या पुस्तकात वैज्ञानिक पद्धतीच्या पायऱ्या ठरलेल्या असतात. आधी निरीक्षण करायचे, मिळालेल्या माहितीचे वर्गीकरण करायचे, त्यातून गृहीतक मांडायचे, ते प्रयोगाने तपासायचे आणि शेवटी निष्कर्ष लिहायचा. हे उत्तर पाठ करून मोठे झालेल्या माणसाला विज्ञान म्हणजे शिस्तीने ठेवलेली नोंदवही वाटते. कल्पनाशक्ती हा कवीचा, चित्रकाराचा प्रांत. वैज्ञानिकाने तिच्यापासून जितके दूर राहावे तितके त्याचे काम निर्दोष, असा समज त्यातून रुजतो. विज्ञानाचा इतिहास मात्र या समजाच्या बाजूने साक्ष देत नाही. निसर्गात दिसणाऱ्या घटनांमागे काय घडत असावे, हे सुचण्यासाठी वैज्ञानिकाला कल्पना लागते. हे पुष्कळदा सांगितले जाते आणि ते खरेही आहे. पण तिथे गोष्ट संपत नाही. जे सुचले ते चुकीचे असेल तर जगात काय वेगळे दिसायला हवे, हे ठरवण्यासाठी त्याला पुन्हा एकदा कल्पना लढवावी लागते. आपल्याच विचाराचा पराभव कुठे आणि कसा होऊ शकेल, याचे चित्र डोळ्यांपुढे आणणारी ही दुसरी कल्पना विज्ञानाला इतर विचारपद्धतींपासून वेगळे करते. पाठ्यपुस्तकात आणि सार्वजनिक चर्चेत तिच्याकडेच सर्वाधिक दुर्लक्ष होते.

आधी पहिल्या पायरीचाच विचार करू. ‘निरीक्षण करा’ एवढीच सूचना दिली तर माणूस कशाचे निरीक्षण करील? खोलीतल्या धुळीचे, भिंतीच्या रंगाचे, की स्वतःच्या श्वासाचे? कार्ल पॉपर या तत्त्वज्ञाने व्हिएन्नातल्या विद्यार्थ्यांना एकदा नेमकी एवढीच सूचना दिली आणि मग तिचा फोलपणा त्यांच्या लक्षात आणून दिला. काय पाहायचे हे ठरवणारा प्रश्न आधी मनात असावा लागतो आणि प्रश्न पडण्यासाठी जग कसे असावे याविषयी काहीतरी अपेक्षा असावी लागते. पीटर मेडावर या नोबेल पारितोषिकविजेत्या जीवशास्त्रज्ञाने 1963 मध्ये वैज्ञानिक शोधनिबंधाच्या ठरीव साच्यावर थेट बोट ठेवले होते. निबंधात आधी निरीक्षणे येतात आणि निष्कर्ष त्यातून आपोआप निघाल्यासारखा शेवटी येतो. प्रत्यक्षात अटकळ आधी बांधलेली असते आणि कोणती निरीक्षणे करायची हे त्या अटकळीनेच ठरवलेले असते. निबंध खोटा नसतो, पण विचार ज्या वाटेने गेला ती वाट तो लपवतो, असा मेडावर यांचा आक्षेप होता. शाळेतल्या पाच पायऱ्या म्हणजे या पुसलेल्या वाटेवर नंतर बसवलेली फरशी आहे. ती कामाची आहे, कारण तिच्यामुळे दुसऱ्याला तपासणी करता येते. शोध लागतो कसा, हे मात्र ती सांगत नाही.

तो कसा लागतो हे पाहायला योहानेस केप्लरसारखे दुसरे उदाहरण नाही. 1596 मध्ये, वयाच्या पंचविशीत, त्याने एक विलक्षण देखणी कल्पना मांडली. त्या काळी पृथ्वीसह सहा ग्रह माहीत होते, म्हणजे त्यांच्यामध्ये पाच अंतरे. सर्व बाजू आणि कोन सारखे असलेल्या नियमित घनाकृतीही भूमितीत पाचच आहेत. हा योगायोग असूच शकत नाही, या आकृती एकीत एक बसवून विश्वकर्त्याने ग्रहांची अंतरे आखली आहेत, असे केप्लरने ठरवले. आकडे बऱ्यापैकी जुळलेही. पुढे 1600 मध्ये तो प्राग येथे टायको ब्राहेकडे गेला. दुर्बिणीचा शोध लागण्यापूर्वीच्या काळात ब्राहेने आकाशाच्या जितक्या अचूक नोंदी केल्या तितक्या युरोपात कोणीच केल्या नव्हत्या. केप्लरच्या वाट्याला मंगळ आला. मंगळाची कक्षा वर्तुळाकार धरून त्याने वर्षानुवर्षे आकडेमोड केली आणि बहुतेक नोंदींशी जुळणारी मांडणी शोधून काढली. पण काही स्थानांवर आठ कलांचा फरक राहिला. अंशाचा साठावा भाग म्हणजे एक कला. आठ कला म्हणजे पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीचा साधारण चौथा हिस्सा. पूर्वीच्या कोणत्याही ज्योतिर्विदाने एवढा फरक पोटात घातला असता. ब्राहेच्या नोंदीत आठ कलांची चूक असणार नाही हे केप्लरला ठाऊक होते, म्हणून त्याने आपली मांडणी टाकून दिली. तिच्याबरोबर दोन हजार वर्षे पवित्र मानलेले वर्तुळही गेले. अंडाकृती कक्षा आजमावून, त्यातही अडखळून, अखेर तो लंबवर्तुळापर्यंत पोचला आणि 1609 मध्ये त्याचा ग्रंथ प्रसिद्ध झाला.

या कथेत निरीक्षणांचे श्रेय ब्राहेचे आहे, हे निर्विवाद. पण त्या नोंदींत लंबवर्तुळ कुठेही लिहिलेले नव्हते. आपण स्वतः फिरत्या पृथ्वीवर उभे आहोत आणि तिथून फिरता मंगळ पाहत आहोत. त्या गुंत्यातून कक्षेचा आकार ‘दिसत’ नाही, तो कल्पावा लागतो. पण नुसते कल्पून भागले नसते. आठ कलांच्या फरकाला पराभव म्हणायचे, हे आधी मान्य करावे लागले. इथे एक प्रामाणिक नोंद करायला हवी. पाच घनाकृतींची आपली तरुणपणीची कल्पना केप्लरने शेवटपर्यंत सोडली नाही. ती मांडणारे 1596 चे पुस्तक त्याने 1621 मध्ये टिपांसह पुन्हा प्रसिद्ध केले. मंगळाबाबत इतका कठोर असलेला माणूस स्वतःच्या लाडक्या कल्पनेबाबत हळवा राहिला. त्या कल्पनेचा निकाल त्याच्यानंतर दीडशे वर्षांनी लागला. 1781 मध्ये विल्यम हर्षेलला युरेनस सापडला. नियमित घनाकृती पाचच असल्यामुळे सातव्या ग्रहाला त्या रचनेत जागाच नव्हती. चुकण्याची जागा कल्पनेतच होती. ती दाखवून देणारा मात्र दुसरा कोणी असावा लागला.

युरेनसने पुढे याहून मोठा धडा दिला. न्यूटनच्या नियमांनी काढलेल्या मार्गावर तो नीट चालेना. पराभव म्हणजे सिद्धांत लगेच टाकून देणे असा अर्थ घेतला, तर इथे न्यूटनचा सिद्धांत टाकायला हवा होता. तसे कोणी केले नाही. फ्रान्समध्ये उर्बें लव्हेरिए आणि इंग्लंडमध्ये जॉन अॅडम्स या दोघांनी स्वतंत्रपणे वेगळी कल्पना केली: युरेनसच्या पलीकडे एक अज्ञात ग्रह असावा आणि त्याच्या ओढीमुळे ही गडबड होत असावी. लव्हेरिएने त्या ग्रहाची जागा गणिताने काढून बर्लिनच्या वेधशाळेला कळवली. 23 सप्टेंबर 1846 च्या रात्री योहान गाले आणि त्याचा तरुण सहकारी द'आरे यांनी दुर्बीण लावली आणि सांगितलेल्या जागेपासून एका अंशाच्या आत नेपच्यून सापडला. पुढे बुधाच्या कक्षेतही असाच लहानसा हिशेब चुकत असल्याचे लव्हेरिएच्या लक्षात आले. बुधाची कक्षा अपेक्षेपेक्षा थोडी जास्त वेगाने सरकत होती; आजच्या मापाने हा फरक शतकाला 43 विकला, म्हणजे एका अंशाच्या शंभराव्या भागाहून थोडा जास्त. लव्हेरिएने 1859 मध्ये तोच उपाय सुचवला: सूर्य आणि बुध यांच्यामध्ये एखादा अज्ञात ग्रह किंवा लहान पिंडांचा पट्टा असावा. एका फ्रेंच खेडेगावातल्या डॉक्टरने सूर्यबिंबावरून सरकणारा काळा ठिपका पाहिल्याचे कळवले आणि या ग्रहाला व्हल्कन हे नावही मिळाले. त्यानंतर कित्येक सूर्यग्रहणांत त्याचा शोध झाला. तो कधीच खात्रीने सापडला नाही, कारण तो नव्हताच. नोव्हेंबर 1915 मध्ये आइन्स्टाइनने गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत पूर्ण केला, तेव्हा तो 43 विकलांचा फरक कोणताही नवा ग्रह न मानता आपसूक निघाला.

एकच माणूस, एकच युक्ती, तेच गणिती कौशल्य. एकदा दिग्विजय, एकदा हार. यातून ‘कल्पना म्हणजे जुगार’ असा निष्कर्ष काढणे सोपे आहे, पण तो उथळ ठरेल. नेपच्यून आणि व्हल्कन या दोन्ही कल्पना वैज्ञानिकच होत्या, कारण दोन्हींनी आपली मान पुढे केली होती. ‘तिथे काहीतरी आहे’ एवढे मोघम बोलून लव्हेरिए थांबला नाही. अमुक दिशेला, अमुक काळात पाहा, असे त्याने सांगितले. म्हणून एक कल्पना खरी ठरू शकली आणि दुसरी खोटी ठरू शकली. वैज्ञानिक आपले सिद्धांत वाचवण्यासाठी पळवाटा शोधतात, असा आक्षेप घेतला जातो. ते अंशतः खरे आहे आणि त्यात गैर काही नाही. सिद्धांत वाचवायला हरकत नाही, पण वाचवण्याची किंमत मोजावी लागते आणि ती किंमत म्हणजे नवा, तपासता येईल असा धोका पत्करणे. ‘न दिसणारा, कशावरही परिणाम न करणारा ग्रह’ असे लव्हेरिएने म्हटले असते तर त्याचा पराभव कधीच झाला नसता आणि त्याच्या बोलण्याला अर्थही उरला नसता.

आपला पराभव कुठे होईल हे ठरवणाऱ्या दुसऱ्या कल्पनेचे काम किती बारीक असते, याचे एक उदाहरण पुण्यातले आहे. जन्मकुंडलीवरून माणसाबद्दल काही सांगता येते का, यावर आपल्याकडे वाद पुष्कळ होतात आणि दोन्ही बाजू आपापल्या जागी खूश राहतात. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर यांनी सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांच्या सहकार्याने 2008 मध्ये या प्रश्नाची चाचणी आखली. शंभर हुशार विद्यार्थ्यांच्या आणि शंभर बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या जन्मवेळा घेऊन कुंडल्या तयार करण्यात आल्या. भाग घेणाऱ्या प्रत्येक ज्योतिष्याला त्यांतल्या मिसळलेल्या 40 कुंडल्या दिल्या आणि कोणती कोणत्या गटातली एवढेच विचारले. या आखणीत किती गोष्टी आधी कल्पाव्या लागल्या ते पाहा. ‘स्वभावाने प्रेमळ पण कधी कधी रागीट’ अशा कोणालाही लागू पडणाऱ्या उत्तराला वाव राहू नये, म्हणून प्रश्न दोनच पर्यायांचा. मुलाला पाहून अंदाज बांधता येऊ नये, म्हणून समोर फक्त कुंडली. नुसत्या नशिबाने किती उत्तरे बरोबर येतील याचा हिशेब आधीच मांडलेला: चाळीसपैकी सुमारे वीस. 27 जणांनी उत्तरे पाठवली. बरोबर उत्तरांची सरासरी निम्म्याच्याही खाली राहिली आणि सर्वांत पुढे असलेल्याची 24 उत्तरे बरोबर आली. एवढ्या लोकांनी प्रत्येकी चाळीस वेळा नाणे उडवले असते, तरी त्यांतला एखादा तिथवर सहज गेला असता. या चाचणीचे मोल तिच्या निकालापेक्षा तिच्या आखणीत अधिक आहे. निकाल ज्योतिषाच्या बाजूनेही लागू शकला असता; तशी वाट मोकळी ठेवली होती. ज्या परीक्षेत एकच निकाल शक्य असतो तिला परीक्षा म्हणत नाहीत.

आता या सगळ्यावर एक वजनदार आक्षेप येतो. कितीतरी शोध अपघाताने लागले आहेत. तिथे कसली कल्पना? याचे सर्वांत गाजलेले उदाहरण विश्वातून सर्व दिशांनी येणाऱ्या सूक्ष्मलहरी प्रारणाचे आहे. अर्नो पेन्झियस आणि रॉबर्ट विल्सन हे अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत एका मोठ्या शिंगाच्या आकाराच्या अँटेनावर काम करीत होते. त्यांना सर्व दिशांकडून, रात्रंदिवस एकसारखी खरखर ऐकू येत होती. त्यांनी यंत्रणा तपासली, अँटेनात घरटे केलेली कबुतरे हटवली, त्यांची विष्ठा साफ केली, खरखर जाईना. त्या खरखरीचा अर्थ त्यांना कळला तो प्रिन्स्टनच्या रॉबर्ट डिकी यांच्या गटाशी संपर्क झाल्यावर. विश्व पूर्वी अतिउष्ण असेल तर त्याची विझत आलेली धग आज कशी दिसेल, याचा हिशेब हा गट करीत होता. 1965 मध्ये दोन्ही गटांचे निबंध प्रसिद्ध झाले. अपघात पेन्झियस आणि विल्सन यांचा होता. शोध होण्यासाठी मात्र डिकी यांची कल्पना लागली. याचा उलट पुरावाही उपलब्ध आहे. 1941 मध्येच अँड्र्यू मकेलर या कॅनेडियन खगोलशास्त्रज्ञाने ताऱ्यांमधल्या रिकाम्या अवकाशातील रेणूंचे तापमान सुमारे 2.3 केल्विन असल्याचे काढले होते. विश्वातल्या त्या आदिम धगीचेच ते माप होते. आकडा छापून आला आणि अर्थाविना पडून राहिला, कारण तो कोणत्या प्रश्नाचे उत्तर आहे हे कोणालाच सुचले नव्हते. माहिती बोलते असे आपण म्हणतो. तिला प्रश्न विचारणारा नसेल तर ती चोवीस वर्षेही गप्प बसू शकते.

दुसरा आक्षेप याच्या उलट टोकाचा आहे. कल्पनेला एवढा मान दिला तर कोणीही उठून काहीही सांगेल आणि त्याला विज्ञान म्हणेल. या भीतीचे उत्तर खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल यांच्या कामात मिळते. आपल्या शरीरातला कार्बन ताऱ्यांच्या गाभ्यात तीन हेलियम अणुकेंद्रे एकत्र येऊन बनतो. पण त्या काळी ज्ञात असलेल्या हिशेबाने तो पुरेसा बनत नव्हता. विश्वात कार्बन तर मुबलक आहे. तेव्हा कार्बनच्या अणुकेंद्राला विशिष्ट ऊर्जेची एक अवस्था असलीच पाहिजे, असे हॉइल यांनी 1953 मध्ये मांडले. कॅलिफोर्नियातल्या प्रयोगशाळेत विल्यम फाउलर यांना ते आधी पटले नाही. पण मोजमाप झाले आणि सुमारे 7.65 दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्टपाशी ती अवस्था सापडली. याच हॉइल यांनी बोंडी आणि गोल्ड यांच्यासह 1948 मध्ये स्थिर विश्वाचा सिद्धांत मांडला होता: विश्व प्रसरण पावते, पण नवे द्रव्य निर्माण होत राहिल्यामुळे ते सर्व काळी सारखेच दिसते. नारळीकर केंब्रिजला हॉइल यांचे विद्यार्थी झाले आणि या सिद्धांताच्या बाजूने उभे राहिले. रेडिओ स्रोतांच्या मोजणीने या सिद्धांताला धक्के दिले आणि 1965 च्या प्रारणाने बहुतेक वैज्ञानिकांचा कौल महास्फोटाकडे, म्हणजे विश्व पूर्वी अतिउष्ण होते या सिद्धांताकडे, वळवला. हॉइल आणि नारळीकर यांनी तो कौल पूर्णपणे मानला नाही. 1993 मध्ये जेफ्री बर्बिज यांच्यासह त्यांनी सिद्धांताचे सुधारलेले रूप पुढे आणले. तरीही विज्ञानाची गाडी अडली नाही, कारण स्थिर विश्वाच्या सिद्धांतातच त्याच्या पराभवाची जागा स्पष्ट लिहिलेली होती. दूरचे, म्हणजे प्राचीन विश्व आजच्यासारखेच दिसले पाहिजे, असे तो ठामपणे सांगत होता. ते तसे दिसले नाही.

केप्लर, लव्हेरिए, हॉइल या तिघांच्याही आयुष्यात हीच गोष्ट घडली. आपली एखादी कल्पना ते सोडू शकले नाहीत. यावरून वैज्ञानिक फार निःपक्षपाती असतात असा आव आणण्याचे कारण नाही. वैज्ञानिक पद्धत ही एका माणसाच्या मनाची शुद्धता नव्हे. पहिली कल्पना बहुधा एकाची असते आणि तिच्यावर त्याचे प्रेम जडते. दुसरी कल्पना, म्हणजे ती कुठे मोडेल हे शोधण्याची, पुष्कळदा इतरांनी पुरवावी लागते. म्हणून शोधनिबंध उघडपणे छापायचे, आकडे सर्वांपुढे ठेवायचे, मतभेदाला अवमान समजायचे नाही. कल्पनेला मोकळे सोडूनही विज्ञान भरकटत नाही ते या व्यवस्थेमुळे. हॉइल आणि नारळीकर या दोघांनीही विज्ञानकथा लिहिल्या. नारळीकरांचा ‘यक्षांची देणगी’ हा कथासंग्रह मराठी वाचकाला परिचित आहे. कथेतल्या कल्पनेने स्वतःशी सुसंगत राहिले की पुरे. सिद्धांतातल्या कल्पनेला जगाशी सुसंगत राहावे लागते आणि जगाने नकार दिला तर तो नकार ओळखता यावा, अशी सोय तिने स्वतःच करून ठेवावी लागते. पुराणातल्या विमानांविषयीचा किंवा चमत्कारी औषधांविषयीचा दावा विज्ञानात बसत नाही तो कल्पना फार उंच उडाली म्हणून नव्हे. अतिसूक्ष्म कणांचे आजचे सिद्धांत याहून कितीतरी विचित्र आहेत. हे दावे बसत नाहीत, कारण काय आढळले तर ते मागे घेऊ, हे त्यांचे पुरस्कर्ते कधी सांगत नाहीत.

भारतीय राज्यघटनेत 1976 पासून वैज्ञानिक दृष्टिकोन वाढवणे हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य म्हणून नोंदलेले आहे. ते कर्तव्य आपण बहुधा माहिती पाठ करण्यापुरते आणि इतरांच्या अंधश्रद्धांवर टीका करण्यापुरते मर्यादित ठेवतो. शाळा-महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत विद्यार्थ्याला उत्तर आधीच ठाऊक असते आणि वहीतले आकडे त्या उत्तराकडे वळवण्याचे कसब तो लवकर शिकतो. म्हणजे केप्लरने जे आठ कलांचे अंतर उरापाशी जपले, ते खोडून टाकायला आपण मुलांना शिकवतो. याउलट, अपेक्षेपेक्षा वेगळा आकडा प्रामाणिकपणे लिहून त्यामागे काय कारण असेल याच्या दोन-तीन शक्यता मांडणाऱ्या आणि त्यांतली खरी कोणती हे कसे ओळखता येईल तेही सांगणाऱ्या विद्यार्थ्याला पूर्ण गुण द्यायला हवेत. त्याने एकाच उत्तरात कल्पनेची दोन्ही कामे केलेली असतात. असे गुण देण्यासाठी महागडी उपकरणे लागत नाहीत. परीक्षकाने प्रयोगवही तपासताना ‘उत्तर बरोबर आले का’ याआधी ‘ते चुकीचे असते तर या मुलाला कळले असते का’ एवढे पाहायला हवे.